घरासमोरून जाणारी गाडी

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, आणि त्यांची गाडी रोज संध्याकाळी आमच्या घरासमोरून जायची. जायची म्हणजे नुसती जायची, थांबायची नाही. आत मी बसलेली असायचे, बाहेर अंगणात आई उभी असायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असताना गाडी आमची बौद्धवस्ती मागे टाकून, ओढा आणि काजूची झाडं ओलांडून गावात पिंपळाच्या पारापाशी जाऊन उभी राहायची. तिथे स्टॉप होता. तिथे मी उतरायचे आणि घरापासून जेवढा रस्ता गाडीतून पुढे जायचे तेवढाच पायी उलटा यायचे. तेही चंदगडच्या पावसात, जिथे छत्री ही फक्त मनाच्या समाधानासाठी असते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी चंदगडच्या हायस्कुलात जायला लागले होते. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी आनंदाने गाडीत चढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "अण्णा!" अण्णा गर्दीतून वाट काढत आले. म्हणाले, "पास बघू." मी पास दिला. त्यांनी तो पुढून बघितला, मागून बघितला, फोटोकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि परत देऊन म्हणाले, "फुडं सरका." मला अहोजाहो केल्याचं मला इतकं लागलं की मी घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

सुट्टीच्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी विचारलं. ते अंगणात बसून बिल्ला चिंचेने घासत होते. म्हणाले, "खाकी अंगावर हाय तवर मी कंडक्टर. अण्णा घरात." आई आतून ओरडली, "मग घरात तरी कधी असतासा?" आईचं खरं होतं, कारण गाडी मुक्कामी होती. म्हणजे ती संध्याकाळी शेवटच्या गावी जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, आणि सकाळी तीच गाडी परत चंदगडला निघायची. अण्णासुद्धा रोज स्वतःच्या दारासमोरून पुढे जात आणि दुसऱ्याच्या गावात जाऊन झोपत. पण हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मला फक्त माझे भिजलेले पाय दिसायचे.

इतर कंडक्टर थांबवायचे. कुणाच्या मळ्यापाशी, कुणाच्या दुकानापाशी, म्हाताऱ्याकोताऱ्यासाठी कुठेही. काही गाड्यांवर 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी पाटीही असायची. आमच्या गाडीवर ती नव्हती, आणि अण्णांच्या लेखी पाटी नाही म्हणजे विषय संपला. गाडीत चढणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी पावणं होता. मास्तर असो, मोलकरीण असो, "पावणं, तिकीट घ्या," "पावणं, फुडं सरका." माझ्या मैत्रिणींना त्याचं हसू यायचं. मलाही यायचं, पण मी वळून खिडकीबाहेर बघायचे.

एकदाच त्या 'पावणं'चं मला हसू आलं नाही. गावचे पाटील त्या दिवशी चंदगडच्या बाजारातून परत येत होते. म्हातारा माणूस, पांढरं धोतर, मांडीवर खताची पिशवी. त्यांचा मळा गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच होता. मळा जवळ आला तसे ते उठले, हात वर केला आणि त्यांनी सरळ घंटीची दोरी ओढली. ड्रायव्हरने ब्रेक लावला. गाडी थांबली.

गाडीत घंटी कंडक्टरची असते. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की सुटायचं. ड्रायव्हरही तिच्या हुकमात असतो. अण्णा पुढून सावकाश चालत आले.

"पावणं, घंटी कुणी मारली?"

पाटील म्हणाले, "मी मारली. मळा आलाय माझा."

"तिकीट गावाचं हाय. मळ्याला स्टॉप न्हाय. बसा."

"उतरायला कितीसा येळ लागतो रं?"

"येळाचं न्हाय. घंटी माझी हाय. बसा की."

आवाज चढलेला नव्हता. पण मी अण्णांचा हात बघितला. दोरीचे दोन वेढे त्यांनी मुठीभोवती घेतले होते. पाटील बसले. टण टण, डबल बेल झाली आणि गाडी सुटली. पाराशी उतरेपर्यंत त्या गाडीत कोंबडीसुद्धा ओरडली नाही, आणि बाजाराच्या दिवशी गाडीत कोंबड्या पुष्कळ असत.

माझा आजा तेव्हा होता. सुट्टीच्या दिवशी अण्णांसमोरच मी त्याला ही गोष्ट सांगितली. आज्याच्या लहानपणी पाटलांची बैलगाडी बाजाराला निघाली की आमच्या माणसांनी ओझं घेऊन गाडीमागून चालायचं, गाडीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. आजा एवढंच म्हणाला, "म्या त्येच्या बा'च्या गाडीमागनं चालत गेलतो बाजाराला." मग तो गालात हसला. आणि मग घाबरून अण्णांना म्हणाला, "पर जपून ऱ्हा बाबा."

आज्याची भीती खोटी नव्हती. पाटलांनी डेपोत तक्रार केली. अण्णांना साहेबांसमोर उभं राहावं लागलं. साहेबांनी विचारलं, तुम्ही दुसऱ्या कुणासाठी थांबवता का? अण्णा म्हणाले, "न्हाय." साहेबांनी विचारलं, गाडी तुमच्या घरावरून जाते म्हणे, तुमच्या पोरीसाठी? "न्हाय साहेब. कुणालाबी इचारा." साहेबांनी खरंच विचारलं, आणि गाडीतल्या सगळ्यांनी खरं ते सांगितलं. तक्रार तिथेच मिटली. आता मी मोठ्या शहाणपणाने सांगू शकते की माझी रोजची पायपीट हाच त्या दिवशी अण्णांचा पुरावा ठरला. तेव्हा मात्र मला एकच कळलं. आपल्या दारात गाडी कधीच थांबणार नाही, आता तर नाहीच नाही.

तरी आशा काही सुटत नाही. घर जवळ आलं की मी दप्तर आवरून बसायचे. आमच्या घराला लागूनच ओढ्यावर छोट्या पुलासारखी मोरी होती, आणि तिथे रस्ता खचलेला असल्यामुळे गाडी अगदी हळू व्हायची. इतकी हळू की अंगणातली आई दोन पावलं बरोबर चालू शकेल. आई मान उंच करून मला शोधायची, मी हात दाखवायचे, ती आत जाऊन भात चढवायची. अण्णा तेव्हा मागच्या बाजूला उभे असायचे, तिकिटांना भोक पाडायचा हातातला पंच दांड्यावर टकटक वाजवत. कंडक्टरांची ती सवयच असते, कुणाचं तिकीट राहिलं का विचारायची. पुढे कधीतरी मोरी दुरुस्त झाली, रस्ता गुळगुळीत झाला, तरी गाडी तिथे हळूच व्हायची. मला वाटायचं, ड्रायव्हरकाकांना सवय लागली असेल. गडहिंग्लजकडचे बुलंद आवाजाचे काका होते ते. गाडी चालवताना स्वतःशीच बोलायचे.

मग तो तापाचा दिवस आला. शाळेतच मला हुडहुडी भरली होती. गाडीत बसले तेव्हा डोळे उघडत नव्हते, आणि बाहेर असा पाऊस की ताडपत्रीच्या पडद्यातून पाणी मांडीवर येत होतं. शेजारच्या बाईने माझ्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अगं बया, पोरगी तव्यावानी तापलीया!" मग सगळी गाडीच बोलायला लागली. "कंडक्टर, आज थांबवा की." "तुमचीच पोरगी हाय न्हवं?" अण्णा आले. त्यांनी कपाळाला हात लावला. गाडीत, खाकी अंगावर असताना, त्यांनी मला हात लावलेला मला तेवढाच आठवतो. हात गार होता आणि त्याला तिकिटांच्या शाईचा वास होता.

त्या गाडीत पाटील होते. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "थांबव रं. मी काय म्हणत न्हाय. माझी काय तक्रार न्हाय. पोरगी आजारी हाय, थांबव तू."

मी डोळे उघडून अण्णांकडे बघितलं. मला खात्री होती की आता दोरी ओढली जाणार. घर आलं. टकटक झाली, गाडी हळू झाली. आई अंगणात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभी होती. अण्णांनी दोरीकडे बघितलं, पाटलांकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "हिचा स्टॉप फुडं हाय."

गाडी पुढे गेली. शेजारची बाई म्हणाली, "माणूस हाय का कोण हाय ह्यो?" मला रडू आलं. मला त्या बाईचं म्हणणं पटलं होतं.

पाराशी उतरले. वर दारात अण्णा उभे होते, त्यांचा चेहरा मी बघितला नाही. डबल बेल वाजली आणि गाडी त्यांना घेऊन शेवटच्या गावी निघून गेली. मी चालायला लागले, तर डोक्यावर काळी छत्री आली. पाटील होते. त्यांनी माझं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि माझ्याबरोबर वस्तीकडे चालायला लागले. त्यांचं घर पाराच्या समोरच होतं. वस्तीकडे त्यांचं काहीएक काम नव्हतं. वाटेत ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लई ताठ हाय तुझा बा." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पर त्येनं आज थांबवली असती, तर उद्या म्या मळ्यापाशी घंटी वडली असती. आन् त्येला काय बोलता आलं नसतं." मला ते काही समजलं नाही. मला फक्त अंथरूण हवं होतं.

वस्तीच्या तोंडाशी पाटील क्षणभर थांबले. मग आत आले, आमच्या अंगणापर्यंत. आईने मला धरलं. आजा दारालगतच्या सोप्यात बसला होता, तो धडपडत उठला. पाटलांच्या घरातलं कुणी त्या अंगणात यायची ही पहिलीच वेळ होती. कुणाला काही सुचेना. पाटीलच म्हणाले, "वाईच पाणी द्या की, घसा वाळलाय." धो धो पावसात घसा वाळलेला माणूस. आज्याने स्वतःच्या हाताने तांब्या दिला, आणि पाटलांनी तो तोंडाला लावून पाणी प्यायलं. आजा ते बघत उभा होता. पुढे आजा जगला तोवर त्या तांब्यातून त्याने दुसऱ्या कुणाला पाणी दिलं नाही, आम्हालासुद्धा नाही. आम्ही त्याला चिडवायचो, तर शिव्या द्यायचा.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून अण्णा आले तेव्हा आईने त्यांना जे काही सुनावलं ते मी पांघरुणातून ऐकलं. "पाटील बी म्हणाला थांबव, मग तुमचं काय अडलंतं?" अण्णांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "तेच अडलंतं की. त्येच्या शब्दानं थांबली असती, तर घंटी त्येची झाली असती." आई म्हणाली, "आन् पोरगी कुणाची?" अण्णांनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि ताप उतरेपर्यंत कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं. पाटलांनी मला घरी पोचवलं आणि माझ्या बापाने नाही, हे शल्य माझ्या मनात जे रुतलं ते पुष्कळ वर्षं निघालं नाही.

गंमत अशी की राग धरला तरी माणूस ज्याच्यावर रागावतो त्याच्यासारखाच होत जातो. मी कोल्हापुरात डिप्लोमा केला आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला लागले. यंत्रांचे भाग तयार होऊन यायचे आणि मी ते गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायचे. गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. दोन हजार सालानंतरचे दिवस, कारखान्यात बायका थोड्या, त्यात मी कोण, कुठली, हे लोक पहिल्याच चहाला आडून आडून विचारून घ्यायचे. मग एखादा साहेब हसत हसत म्हणायचा, "मॅडम, एवढा लॉट सोडा की, आपलीच माणसं आहेत." माझ्या तोंडून निघायचं, "बसत नाही सर. बाजूला ठेवते." असं म्हणताना भीती वाटायचीच. पण गेजला माझं आडनाव ठाऊक नव्हतं, साहेबाचंही नव्हतं, आणि त्याचा मला केवढा आधार वाटायचा! एकदा असाच मोठ्या कुणाच्या तरी पुतण्याचा लॉट मी परत पाठवला आणि जागेवर येऊन बसले, तेव्हा मला दोरी धरलेला अण्णांचा हात आठवला. नियम हा अण्णांचा कडकपणा नव्हता. ते त्यांचं छप्पर होतं. छपराचा एक पत्रा स्वतःच्या पोरीसाठी जरी काढला, तरी पाऊस सगळ्या घरात येणार होता. हे मला पटलं. पण पटणं वेगळं आणि दुखायचं थांबणं वेगळं.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा डेपोत छोटासा निरोप समारंभ होता. मी रजा काढून गेले, आईही आली होती, नवं लुगडं नेसून, अवघडून खुर्चीत बसली होती. हारतुरे झाले, भाषणं झाली. सगळ्यांनी अण्णांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मी टाळ्या वाजवत होते आणि मनात म्हणत होते, शिस्त तुम्ही ऐकलीत, पाय माझे भिजले. मग गडहिंग्लजचे ड्रायव्हरकाका उठले. त्यांचे केस पार पिकले होते, आवाज मात्र तसाच.

"शिस्त काय सांगतासा?" ते गरजले. "ह्यो लबाड हाय, लबाड!" सगळे हसले. "रोज मुक्कामाला जाताना ह्येच्या घरापाशी आलं, की मागनं पंचची टकटक सुरू. मला सांगून ठेवलंतं, 'थांबवायची न्हाय, घंटी द्यायची न्हाय. पर टकटक झाली की हळू घ्या. पोरीची आय अंगणात उभी असतीया, पोरगी आली ते तिला दिसाय पायजे.' पोरीचं नाव करायचा, आन् ह्यो बी वाकून बायकूकडं बघायचा!"

सभा खो खो हसत होती. अण्णा मान खाली घालून हारातल्या पाकळ्या तोडत होते, कान लाल झाले होते. मी आईकडे वळले. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मोरी कवाच दुरुस्त झालती की. मला काय डोळं न्हाईत व्हय?"

मला हसू येईना. ती टकटक मी रोज ऐकली होती. तापाच्या दिवशीसुद्धा ऐकली होती. त्या दिवशीही गाडी हळू झाली होती. म्हणजे दोरी ओढायची नाही हे ठरलेलं असतानाही त्यांनी तेवढं केलं होतं, जेवढं त्यांच्या हातात होतं तेवढं. डेपोच्या आवारात गाड्यांच्या धुरात उभी राहून मी खूप रडले. अण्णांना वाटलं, मी निरोपामुळे रडते आहे. "मी कुठं मरायलोय व्हय?" ते म्हणाले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी सुट्टीला घरी निघाले. चंदगडहून तीच मुक्कामी गाडी मिळाली. कंडक्टर नवीन होता, तरुण पोरगा. त्याने तिकीट फाडताना विचारलं, "अण्णांची लेक न्हवं का तुम्ही?" मी हो म्हणाले. घर जवळ आलं तसा त्याचा हात दोरीकडे गेला. "ताई, थांबवू? कशाला पावसात परत चालत यायचं?"

एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते कुणीतरी इतक्या सहज देऊ केलं होतं. मी दोरीकडे बघितलं. म्हणाले, "नको भाऊ. माझा स्टॉप फुडं हाय." तो खांदे उडवून पुढे गेला. टकटक झाली नाही, त्यामुळे गाडीही हळू झाली नाही. घर झर्रकन मागे गेलं. अंगण रिकामं होतं.

पाराशी गाडी थांबली. खाली पिंपळाला टेकून, हातात छत्री घेऊन अण्णा उभे होते. साधा सदरा, विजार, पायात प्लास्टिकच्या चपला. मी उतरले तरी ते माझ्याकडे न बघता गाडीकडेच बघत राहिले. टण टण, डबल बेल झाली, गाडी सुटली, वळणाआड गेली. मग ते वळले, माझी बॅग घेतली आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली.

"कधीचे उभे आहात?"

"आत्ताच आलोय," ते म्हणाले. सदरा खांद्यापासून खालपर्यंत ओला होता.

आम्ही चालायला लागलो. मळा गेला, काजूची झाडं आली. या रस्त्याने मी सगळी शाळा संपवली, पण अण्णांबरोबर त्यावरून कधी चालले नव्हते. ते तेव्हा गाडीबरोबर पुढे जायचे. पाऊस वाढला. मोरी दिसायला लागली तसं त्यांनी विचारलं, "गाडी हळू झालती का घरापाशी?"

"नाही."

"मग आईला कसं कळायचं, तू आलीस ते?"

मी काही बोलायच्या आत ते मोरीच्या लोखंडी कठड्यापाशी गेले, छत्री मिटली, आणि तिची मूठ कठड्यावर वाजवली. टक टक. टक टक.

घराचं दार उघडलं आणि आई अंगणात आली. ती मान उंच करून आमच्याकडे बघत होती. मी हात वर केला, आणि चालता चालता हळू झाले.